होडी पुढे गेली, आवाज खानापुरातच राहिला

गेल्या दिवाळीत माजी विद्यार्थ्यांनी आमच्या शाळेला ४३ इंची टीव्ही दिला. भिंतीवर बसवून झाला, नारळ फुटला, कुंदा वाटला, आणि पाचवीतल्या एकानं विचारलं, "टीचर, आता ह्याच्यावर काय दावणार?"

दाखवायला माझ्याकडे पुष्कळ होतं. २००४ ते २०१२ या काळात मी आणि आमच्या क्लस्टरमधल्या दोघा गुरुजींनी मिळून मुलांसाठी फ्लॅशमध्ये, म्हणजे हलती चित्रं करायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, २१२ धडे केले होते. बाराखडी, पाढे, जलचक्र, मराठी-कन्नड शब्द, मलप्रभा नदी, दिवस-रात्र कशी होते, सगळं. रात्री जेवणं आटोपल्यावर खानापुरात आमच्या माडीवर बसून केलेलं काम. त्याचा ना कुणी पगार दिला, ना कुणी आदेश काढला होता. अडचण एवढीच, की टीव्हीला पेनड्राइव्हवरची एमपी४ कळते आणि माझ्या सीड्यांवर होत्या फ्लॅशच्या एसडब्ल्यूएफ फाइली.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते. फ्लॅश १९९६ चं, आधी मॅक्रोमीडियाचं, २००५ मध्ये कंपनीसकट अडोबीकडे गेलं. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीनं फ्लॅश प्लेयरचा आधार बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेयरनं फाइली चालवायचंच सोडलं. म्हणजे फाइल शाबूत, पण उघडणारा गेला. त्यात माझ्या मूळ एफएलए फाइली २०१३ च्या पावसाळ्यात हार्ड डिस्कबरोबर गेल्या. एफएलए म्हणजे बेतलेलं कापड, एसडब्ल्यूएफ म्हणजे शिवून झालेला झगा. माझ्याकडे नुसते झगे उरले होते.

हा रिव्ह्यू आहे अशा फाइलींचे व्हिडिओ करायला वापरलेल्या तीन फुकट साधनांचा: रफलबरोबरचा एक्सपोर्टर, जेपेक्स आणि एफएफएमपेग. ही तिन्ही एका दोरीत ओवून रात्रभर आपोआप काम करायला लावली. चार महिने वापरून लिहितेय. मी कॉम्प्युटर इंजिनियर नाही. गणिताची टीचर आहे, आणि एके काळी पोरांना लोगो या मुलांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेतलं कासव फिरवायला शिकवलेलं आहे, एवढंच माझं भांडवल.

आधी सरळ मार्गानं गेले होते. बेळगावात एका दुकानात विचारलं. "करून देतो की, एका फाइलीला दीडशे." २१२ गुणिले १५० म्हणजे ३१,८००. शाळेच्या खडू-डस्टरच्या पैशात हे बसणार नव्हतं, तरी म्हटलं एक नमुना तर करून द्या. आठ दिवसांनी नमुना आला. त्यांनी फाइल कुठल्या तरी जुन्या मशीनवर चालवून पडद्याचं रेकॉर्डिंग केलं होतं. मलप्रभेच्या मधोमध माउसचा बाण उभा, आणि चाळिसाव्या सेकंदाला कोपऱ्यातून अँटीव्हायरसचं लायसन संपल्याची पाटी वर येते. दुकानदार म्हणाला, "मेडम, तेवढं कोण बघतंय?" आमची चौथी बघते. चौथीतली पोरं धडा राहू दे, पहिलं तेवढंच बघतात.

मग एक विकतचं कन्व्हर्टर उतरवलं. चाचणीची प्रत फुकट होती, पण तिनं सगळ्या चित्रावर तिरका शिक्का मारला. पैसे भरायच्या आधी नीट बघितलं म्हणून बरं झालं, कारण शिक्क्यामागची होडी हलतच नव्हती.

इथं जरा थांबते, कारण सगळी गोम या होडीत आहे.

मलप्रभेचा धडा असा: कणकुंबीला उगमापाशी एक कागदी होडी पाण्यात पडते. असोगा, खानापूर, एम. के. हुबळी, नवीलतीर्थाचं धरण, पट्टदकल्ल, ऐहोळे करत शेवटी कुडलसंगमला कृष्णेत शिरते. मुख्य टाइमलाइन, म्हणजे एकामागून एक चित्रांची पट्टी, ९०० फ्रेमची. सेकंदाला १२ फ्रेम, म्हणजे बरोबर ७५ सेकंद. पण होडीचं डुलणं त्या टाइमलाइनवर नाही. होडी ही वेगळी मूव्ही क्लिप आहे. तिच्या पोटात तिची स्वतःची २४ फ्रेमची टाइमलाइन आहे, आणि ती आपली आपण गोल फिरत राहते. मुख्य टाइमलाइन होडीला फक्त पुढे ढकलते. डुलायचं काम होडी स्वतः करते. आता एखादं साधन नुसतं मुख्य टाइमलाइनचं चित्र काढत गेलं, तर त्याला होडीची पहिलीच फ्रेम दिसते आणि तीच शेवटपर्यंत छापली जाते. होडी साबणाच्या वडीसारखी घसरत जाते. खुद्द जुन्या फ्लॅशमधूनही एव्हीआय काढली की हेच व्हायचं. २००९ मध्ये मी ते करून बघितलं होतं आणि नाद सोडला होता.

रफल इथं कामाला आलं. रफल हा फ्लॅशचा नव्यानं लिहिलेला प्लेयर आहे. रस्ट नावाच्या भाषेत लिहिलाय आणि सगळ्यांना खुला आहे. तो फाइल खरोखर चालवतो, आतल्या क्लिपा हलवतो, ॲक्शनस्क्रिप्ट ही फ्लॅशची प्रोग्रामिंगची भाषाही चालवतो. ॲक्शनस्क्रिप्टच्या पहिल्या दोन आवृत्त्या त्याला चांगल्या जमतात, तिसरी त्या मानानं कमी. माझे सगळे धडे फ्लॅश एमएक्स २००४ आणि फ्लॅश ८ मधले, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीचे, त्यामुळे मला झळ लागली नाही. त्याच प्रकल्पातला एक्सपोर्टर म्हणजे पडदा नसलेला रफल. त्याला फाइल द्यायची, किती फ्रेम हव्यात ते सांगायचं, चित्र किती पट मोठं हवं ते सांगायचं, आणि तो एका फोल्डरात एकामागून एक पीएनजी चित्रं ठेवत जातो. माझा भाचा पुण्यात असतो, त्यानं तो मूळ कोडवरून तयार करून पाठवला. "आत्या, एवढंच मी करतो, पुढचं तूच कर," म्हणाला. रागच आला होता. आता वाटतं, बरं केलं.

किती पट मोठं, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. फ्लॅशचं स्टेज, म्हणजे चित्राची चौकट, न बदलता घेतलं की ५५० बाय ४०० असतं, आणि आम्ही कधीच बदललं नव्हतं. रेकॉर्डिंग केलं तर तेवढंच मिळतं आणि ४३ इंचावर ताणलं की फाटतं. पण फ्लॅशमधलं चित्र रेषांच्या गणितानं साठवलेलं असतं, ठिपक्यांनी नव्हे. म्हणून एक्सपोर्टरला २.७ पट सांगितलं की ४०० चे १,०८० होतात आणि रेघ सुरीनं कापल्यासारखी निघते. २००६ मध्ये मी काढलेली धरणाची भिंत वाकडी आहे, हे मला या वर्षी पहिल्यांदा दिसलं.

९०० चित्रं तयार झाली. ती शिवायला एफएफएमपेग. फाब्रिस बेलार्डनं २००० साली सुरू केलेला हा प्रोग्राम. त्याला ना खिडकी, ना बटण, नुसती काळ्या पडद्यावर ओळ लिहायची. आवाज जेपेक्समधून काढला. जेपेक्स एसडब्ल्यूएफ उकलून आतली चित्रं, आवाज, फाँट, स्क्रिप्ट वेगवेगळं करून दाखवतं. त्याला जावा लागतं. आमची निवेदनं स्ट्रीम प्रकारची होती, म्हणजे टाइमलाइनला बांधलेली. तो सगळा आवाज एका एमपी३ मध्ये अखंड निघाला.

चित्रं आणि आवाज एफएफएमपेगला दिले, व्हिडिओ झाला, लावला. होडी डुलत होती! मी एकटीच टाळी वाजवली. आणि मग लक्षात आलं, की होडी पट्टदकल्लला पोचलीय आणि आवाज म्हणतोय, "आता आपण खानापूरच्या पुलाखालून चाललो." होडी कुडलसंगमला जाऊन थांबली, चित्र संपलं, तरी निवेदन पुढे अर्ध्याहून जास्त बाकी.

चूक माझी होती. नुसती चित्रं दिली आणि वेग सांगितला नाही, तर एफएफएमपेग सेकंदाला २५ धरतं. ९०० भागिले २५, छत्तीस सेकंद. आवाज मात्र ७५ सेकंदांचाच. सहावीला शिकवते मी हे गणित.

वेग १२ केला आणि पेनड्राइव्ह शाळेत नेला. टीव्हीवर आवाज येतोय, चित्र काळं. लॅपटॉपवर छान चालतंय. दोन दिवस टीव्हीला दोष दिला. मग कळलं, की पीएनजीमधून एच२६४ या प्रकारचा व्हिडिओ करताना आपण काही सांगितलं नाही तर एफएफएमपेग रंग न कापता पुरेपूर ठेवतं. त्या प्रकाराला ४:४:४ म्हणतात आणि बऱ्याच टीव्हींना तो उलगडत नाही. त्यांना ४:२:० लागतं, ज्यात रंगाचे ठिपके दोन बाय दोनच्या चौकटीला एकच असतात. म्हटलं, ठीक, ४:२:० सांगू. सांगितलं तर प्रोग्राम कामच करेना. लाल ओळ आली, रुंदीला दोननं भाग जात नाही म्हणून. ५५० गुणिले २.७ करून बघा. १,४८५. विषम! दोन-दोनच्या चौकटी मांडत गेलं की शेवटी एक ठिपक्यांची उभी ओळ निपुत्रिक राहते, म्हणून ते अडून बसलं होतं. आधीचा ४:४:४ चा व्हिडिओ झाला, कारण तिथं चौकटीच नव्हत्या. हे कळल्यावर मला त्या लाल ओळीचा राग येईनासा झाला. उपाय साधा निघाला: दोन्ही बाजूंना पट्टी लावून चित्र १,९२० बाय १,०८० करायचं. टीव्हीचा आकारही तोच. काळ्याऐवजी आमच्या फळ्याचा हिरवा रंग लावला मी पट्टीला.

एवढं झाल्यावर एक फाइल मनासारखी झाली. २११ उरल्या.

आता आपोआपचं. इथं माझं एक मत आहे आणि भाच्याशी त्यावरून वाद झाला. त्याचं म्हणणं, स्क्रिप्ट लिहून सगळ्या फाइली तिच्या तोंडी द्यायच्या, बिघडतील त्या नंतर बघू. मी म्हटलं, आधी निवडणं, मग दळणं. एक रविवार घालवून सगळ्या फाइली रफलमध्ये उघडून बघितल्या आणि तीन ढीग केले. आपली आपण सुरू होऊन संपणाऱ्या १४०. मध्ये थांबून "पुढे" बटण दाबायला लावणाऱ्या ४१. प्रश्नमंजूषा ३१. हजेरीच्या जुन्या वहीत नाव, वेग, फ्रेम असे तीन रकाने आखले आणि जेपेक्समध्ये बघून पहिल्या ढिगाचे आकडे भरले. बहुतेक १२ वेगाच्या, एका गुरुजींच्या १५ च्या, आणि चार फाइली २४ च्या. त्या त्यांनी कुठून उचलल्या होत्या, मी विचारत नाही.

भाचा फोनवर हसला. "हातानं काय लिहिते आत्या, वेग फाइलीच्या डोक्यातच असतो." त्यानं पायथनमध्ये दहा ओळी लिहून पाठवल्या. चालवल्या तर काही फाइलींचे आकडे बरोबर आणि बाकीच्यांचे काहीच्या बाही, एका बाराखडीचा वेग २११! कारण असं निघालं: एसडब्ल्यूएफची पहिली तीन अक्षरं एफडब्ल्यूएस असली तर फाइल उघडी असते, सीडब्ल्यूएस असली तर पहिले आठ बाइट सोडून बाकी सगळं दाबून भरलेलं असतं. वेग आणि फ्रेमची संख्या त्या दाबलेल्या भागात येते. आधी सैल करायचं, मग वाचायचं. फ्लॅश ६ पासून दाबायची सोय आली आणि आम्ही ती कधी चालू, कधी बंद ठेवली होती. त्यानं दुरुस्त करून पाठवलं तेव्हा त्याचे १४० आकडे माझ्या वहीशी ताडून बघितले. एक सोडून सगळे जुळले. तो एक माझाच चुकला होता. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

मग बॅच फाइल, म्हणजे हुकूम ओळीनं लिहून ठेवलेली फाइल. यादीतली एकेक ओळ घ्यायची, एक्सपोर्टरनं चित्रं काढायची, जेपेक्सनं आवाज काढायचा, एफएफएमपेगनं शिवायचं, पुढच्या ओळीवर जायचं. लोगोमध्ये पोरांना "हे चार वेळा कर" शिकवलेलं, हे त्याचंच मोठं भावंड. पहिल्या रात्री लावून झोपले. सकाळी उठले तर ५२ झालेल्या आणि लॅपटॉप म्हणतोय डिस्क भरली. शिवून झाल्यावर चित्रं पुसायची ओळ मी लिहिलीच नव्हती. एक ओळ वाढवली. दुसऱ्या रात्री पाऊस, लाईट गेली, बॅटरी तासाभरात संपली. लाईट आल्यावर पुन्हा पहिल्या फाइलीपासून सुरू. म्हणून अजून एक ओळ: एमपी४ आधीच झालेली असेल तर ती फाइल सोड. फक्त त्यात एक मेख आहे. लाईट गेली तेव्हाची अर्धवट एमपी४ सुद्धा "झालेली" दिसते. म्हणून आधी दुसऱ्या नावानं करायची आणि पूर्ण झाली की खरं नाव द्यायचं. एवढं केल्यावर तिसऱ्या रात्री उरलेल्या सगळ्या झाल्या. सकाळी सहाला चहा घेऊन बसले तर शेवटचा पाढा शिवला जात होता, २९ चा.

आवाजाबद्दल. फ्लॅशमध्ये स्ट्रीम आवाज काही न बदलता छापला तर १६ किलोबिट मोनो होतो. आम्ही बदललं नव्हतं. त्यामुळे सगळी निवेदनं डब्यात तोंड घालून बोलल्यासारखी आहेत आणि ती आता कुठलंही साधन सुधारून देणार नाही. मूळ आवाजच गेला. तिघांचे माइक वेगळे, त्यामुळे एक धडा ओरडतो आणि एक कुजबुजतो. त्यावर मात्र एफएफएमपेगमध्ये लाउडनॉर्म नावाचा फिल्टर आहे, तो सगळ्यांना एका पातळीवर आणतो. हा फिल्टर मी पहिल्यापासून लावायला हवा होता. मलप्रभेचं निवेदन २००७ साली दुसरीतल्या एका मुलीनं केलंय. ती प्रत्येक वेळी "कुडाळसंगम" म्हणते. आज तिचा मुलगा आमच्या अंगणवाडीत आहे. पुन्हा रेकॉर्ड करायचं मनात आलं होतं, नाही केलं.

दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे इव्हेंट आवाज, टाइमलाइनला बांधलेले नसतात. बटण दाबलं की टिंग, होडीवर क्लिक केलं की भोंगा. एक्सपोर्टर नुसती चित्रं देतो, त्यामुळे हे आवाज कुठं वाजायचे ते जेपेक्सवरून कळून घेऊन हातानं बसवावे लागतात. मी नाही बसवले. कंटाळा केला असं म्हणा.

४१ बटणवाल्या फाइली आपोआप होत नाहीत. कोणी कितीही सांगू दे. मुख्य टाइमलाइन थांबलेली असली की एक्सपोर्टर एकाच चित्राच्या शेकडो प्रती काढून देतो, इमानदारीत. तिथं रफल पडद्यावर चालवलं, ओबीएस हा पडद्याचं रेकॉर्डिंग करणारा प्रोग्राम लावला आणि स्वतः बटणं दाबत रेकॉर्ड केलं. फोन बंद, बाण लपवलेला, दार लावलेलं. त्या बेळगावच्या दुकानदाराला मी थोडी तरी माफी देते आता. अगदी थोडी.

त्यातच फाँटचा घोळ. आमचा भाज्यांचा धडा दोन भाषांचा आहे: भेंडीवर बेंडेकाई, वांग्यावर बदनेकाई, कांद्यावर उळ्ळागड्डी. बटण दाबलं की मराठी जाऊन कन्नड येतं. मराठी श्रीलिपीत आणि कन्नड नुडीत, म्हणजे त्या काळच्या फाँटांत टाइप केलेलं. फ्लॅशमध्ये स्थिर मजकुराचे आकार फाइलीत आपोआप भरले जायचे, म्हणून मलप्रभेची गावं जशीच्या तशी दिसली. पण प्रोग्रामनं बदलणारा मजकूर असला तर फाँट मुद्दाम आत भरावा लागायचा. आम्ही भरला नव्हता, कारण तेव्हा प्रत्येक मशीनवर श्रीलिपी होतीच. आता नव्या लॅपटॉपवर भेंडीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखीच दिसणारी अक्षरं, येण्याआधी टाइप केलेलं सगळं असंच उघडं पडतं. मी त्या जागी पट्टी मारली आणि नावं सबटायटलच्या फाइलीत युनिकोडमध्ये लिहून एफएफएमपेगकडून चित्रावर छापून घेतली. सबटायटलच्या वाटेनं गेलं की जोडाक्षरं आणि वेलांट्या जागच्या जागी बसतात. कन्नडचे ओत्तक्षर पण.

हे बघायला आमच्याच आवारातल्या कन्नड शाळेच्या टीचर आल्या होत्या. बघून म्हणाल्या, "इदु नमगू बेक्री." आम्हालाही हवं, असं. मागे बसलेल्या पहिलीच्या पोरांनी फक्त "बेकरी" ऐकलं आणि पुढची दहा मिनिटं कुणालाच भाज्यांत रस राहिला नाही.

प्रश्नमंजूषांचा मी व्हिडिओ केला नाही आणि तुम्हीही करू नका. भाच्यानं एक करून दाखवला, योग्य उत्तरावर आपोआप टिक होते. पोरं बसून बघतात, उत्तर आपसूक येतं, मग हात वर कशाला करायचा? त्या ३१ फाइली रफलमध्ये लॅपटॉपवर चालवायच्या आणि एचडीएमआय वायरीनं टीव्हीला जोडायच्या. गुणांचा आकडा तेवढा नीट दिसतो, "गुण" हा शब्द दिसत नाही.

आता मत. एफएफएमपेगला पाचपैकी पाच. तोंडानं फटकळ आहे, पण ते जेव्हा अडलं तेव्हा बरोबर कारणासाठी अडलं. माझ्या तिन्ही चुका त्यानंच दाखवल्या किंवा माझ्याकडून होऊ दिल्या. एक्सपोर्टरला चार. होडी डुलली यासाठी पाचही दिले असते, पण आवाज देत नाही आणि माझ्यासारखीला तो भाच्याशिवाय मिळाला नसता. जेपेक्सला साडेचार. सुरुवातीला त्याच्या खिडकीतली झाडासारखी यादी बघून घाबरायला होतं, पण दोन दिवसांत कळतं की आपलंच घर उलटं करून ठेवलंय. ज्यांच्याकडे दहा-बारा फाइली आहेत त्यांनी ह्या बॅचच्या भानगडीत पडू नये, ओबीएस लावून रेकॉर्ड करून मोकळं व्हावं. पन्नासच्या वर असतील तर मात्र एक रविवार ढीग करायला द्या. खर्च माझा शून्य रुपये, वीज सोडून.

टीव्हीवर पहिल्यांदा मलप्रभा लावली तेव्हा सातवीतला एक उठून पुढे गेला आणि होडीवर बोट टेकवलं. लॅपटॉपवर त्यानं तो धडा केलेला होता, भोंगा माहीत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "टीचर, होडी मुकी झालीया की." शनिवारी लॅपटॉप आणते म्हटलं.

बॅच फाइल, भाच्याचा दुरुस्त केलेला प्रोग्राम आणि माझ्या वहीच्या पानांचे फोटो असं एका फोल्डरात ठेवलंय. खानापूर, बेळगाव, चंदगड भागातल्या ज्या शिक्षकांकडे अशा जुन्या सीड्या पडून असतील त्यांनी शाळा सुटल्यावर यावं, देते. पेनड्राइव्ह मात्र रिकामा आणा. मागच्या वेळी एका सरांच्या पेनड्राइव्हमध्ये मेव्हण्याच्या लग्नाचे अठराशे फोटो निघाले आणि आम्ही दोघं साडेसातपर्यंत ते बघत बसलो.